कमळीचा दमा

पोलादपूरच्या बाजारात सुंदराबाईकडून सुकट घ्यायची, तर आधी तिचं तोंड सोसायची तयारी हवी. "हात लावू नको, हात ओला हाय तुझा!" ही तिची पहिली सलामी. गिऱ्हाईक घुटमळलं की दुसरी, "घ्यायची नसंल तर वास फुकट हाय, घे नि जा." पण आषाढात, भिंतींना पाझर फुटतो, मिठाचं पाणी होतं नि ट्रंकेतल्या साड्यांवर बुरशी चढते त्या दिवसांत, अख्ख्या बाजारात खडखडीत बोंबील मिळायचा तो तिच्याचकडे. म्हणून माणसं निमूटपणे बोलणी खायची.

बोंबील उचलायचा, कानाशी धरायचा नि मोडायचा. कट्टकन आवाज आला तर टोपलीत. नुसताच वाकला तर परत पिशवीत. गिऱ्हाईकासमोर करायची हे, लपवाछपवी नाही. माणसांच्या बाबतीतही बाई अशीच. एकदा कुणी शब्दाला वाकला की तिच्या लेखी संपला. सख्ख्या चुलत्याशी ती दारातल्या फणसावरून तोंड फिरवून बसली होती, ती बसलीच.

फक्त एका माणसाला तिनं कधी कानाशी धरून मोडून बघितलं नव्हतं. ती कमळा.

कमळा तिची बहीण नव्हे आणि बहिणीहून कमीही नव्हे. पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या अंगाला त्यांची बौद्धवाडी. कमळाची आई ठकूबाई तापानं गेली तेव्हा कमळा पाळण्यात होती. बाप मुंबईला गेला, त्यानं तिथं दुसरं घर मांडलं आणि इकडं ढुंकून पाहिलं नाही. शेजारच्या ठमाबाईची सुंदरा तेव्हा अंगावर पीत होती. ठमाबाईनं फार विचार केला नाही. एका बाजूला आपली घेतली, दुसऱ्या बाजूला ती घेतली. "द्येवानं दोन दिल्यात ती कशाला?" असं ती वाडीत सांगायची, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. वीस मार्चला वाडी महाडला चवदार तळ्यावर जायची, तेव्हा ठमाबाईच्या एका हाताला सुंदरा, दुसऱ्या हाताला कमळा. कुणी विचारलं, जुळ्या का गो? तर म्हणायची, "व्हय, यक गोरी निघाली."

सातवीनंतर महाडच्या वसतिगृहात एकीलाच धाडता येणार होतं, कारण सुकटीच्या टोपल्या उचलायला घरात आणखी दोन हात हवेच होते. ठमाबाईचा निर्णय होईना. शेवटी सुंदराच म्हणाली, "हिला धाड. हिला पाढे येतात, मला बोंबील येतात." झालं. कमळा शिकली, शिक्षिका झाली आणि चंद्रकांत नावाच्या बीएस्सी झालेल्या, वाकणकडच्या मुलाशी तिचं लग्न झालं. महाडला औद्योगिक वसाहत उभी राहिली तसा तो तिथल्या एका कारखान्यात केमिस्ट लागला आणि चढत चढत साहेब झाला. मधल्या काळात त्यानं आपलं जुनं आडनाव टाकलं आणि गावावरनं वाकणकर लावलं. ऐकणारे जे समजायचे ते समजले. नवराबायकोनं कुणाला दुरुस्त केलं नाही. सुंदराला या कशातलं काही खटकलं नाही. ती एवढंच म्हणाली, "गाव नावाला बांधलंस ते बरं केलंस भावोजी, पत्ता तरी इसरनार नाय." त्यावर चंद्रकांत हसला. कमळा हसली नाही, पण ते सुंदराच्या लक्षात यायला फार वर्षं जायची होती.

सुंदराचा नवरा दत्ताराम मुंबईला एका हॉटेलात होता, शिमग्याला नि मे महिन्यात तोंड दाखवायचा. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि आई. आणि आईला दमा.

आता इथं कशी गोची होती बघा. सुंदरा वैशाखात दासगावहून, बाणकोटहून सुकट-बोंबील भरायची. तो माल चुलीवरच्या माळ्यावर रचायचा आणि पावसाळाभर खाली चूल धुमसत ठेवायची. ओल्या लाकडाचा तो धूर वर चढत राहायचा, म्हणून तिचा माल खडखडीत. सगळी कमाई त्या धुरात होती. आणि त्याच धुरात, त्याच घरात, म्हातारी दोन्ही हात जमिनीला टेकून, मान पुढं काढून बसलेली असायची. आडवं होता येत नसे. धूर बंद केला तर ओल छातीवर बसायची, पेटता ठेवला तर धूर. सुंदरा आईवरही खेकसायची, "आये, खोक ना एकदाचं मोकळं!" आणि मग चुलीपाशी तोंड करून डोळे पुसायची. कुणी बघितलं तर धुराचं नाव.

शहाऐंशी साली कमळाला वसाहतीतला बंगला मिळाला. कारखाना उभारायला जपानी इंजिनीअर आले होते ते त्याच बंगल्यात राहून गेले होते, आणि जाताना त्यांनी निजायच्या खोलीतलं मशीन तसंच भिंतीत ठेवलं होतं. एअर कंडिशनर. खिडकीएवढं खोकं, खाली घुमणारा ट्रान्सफॉर्मर, नि पुढं एक मूठ. मुठीभोवतीची अक्षरं जपानी, कुणाच्या बापाला वाचता येणारी नव्हेत. पण चित्रं होती. पंखा, बर्फाची चांदणी आणि पाण्याचा थेंब.

त्या आषाढात कमळा स्वतः जीप घेऊन वाडीत आली. चिखलात चपला हातात घेऊन घरात शिरली, ठमाबाईची ती दशा पाहिली आणि तिथंच हमसून रडली. "आये, चल. माझ्याकडं चल. एक शब्द बोलू नको." खोटं कशाला बोला, त्या दिवशी ती मनापासून रडली होती.

सुंदराही सोबत गेली. खोलीत शिरल्या शिरल्या तिला नाकाला चुकल्यासारखं वाटलं. कसलाच वास नाही. ना कुबट, ना ओला. गादी कोरडी, उशी कोरडी, जमीन पायाला चिकटत नाही. बाहेर मुसळधार पाऊस, आणि आत काडेपेटी पहिल्या काडीला पेटते.

"गारठून मरंल ना गो म्हातारी?" तिनं विचारलं.

"अगं, चांदणीवर ठेवलं तर गारठेल," कमळानं मूठ फिरवून दाखवली. "थेंबावर ठेवायचं. मग ते फारसं गार करत नाही, हवेतली ओल ओढून घेतं नि मागच्या नळीनं बाहेर सोडतं. खिडक्या मात्र घट्ट लावायच्या. नाहीतर ते बिचारं अख्ख्या महाडची हवा सुकवत बसेल."

सुंदराचा विश्वास असा बोलण्यावर बसणारा नव्हता. तिच्या कनवटीला पुडीत नमुन्याचे दोन-तीन बोंबील असायचेच. वाटेत सर्दावलेला त्यातला एक तिनं हळूच मशीनच्या पुढ्यात ठेवला. दिवेलागणीला उचलला, कानाशी धरला. कट्ट! "आयला!" सुंदरा ओरडली. कमळा धावत आली, तिनं नाक धरलं, आणि दोघी त्या कोरड्या गादीवर लोळून लोळून हसल्या. "टाक ती घाण बाहेर, साहेब येतील!" "तुझ्या साहेबाला काय म्हाईत, जपानी वास म्हण!" ठमाबाईही हसली. हसली आणि तिला खोकला आला नाही. ती तशीच मागं कलली आणि पाठ टेकून, चक्क पाठ टेकून झोपली. सुंदरा कितीतरी वेळ तिच्या छातीकडं बघत बसली होती. त्या रात्री तिनं कमळाचे पाय धरायचे बाकी ठेवले.

मशीनची नळी मागच्या पडवीत निघायची. तिथं पत्र्याचा एक डबा ठेवलेला, त्यात टप टप पाणी पडायचं. ठमाबाईनं तो डबा पाहिला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिचा सिद्धांत असा, की हे पाणी तिच्याच छातीतलं. ती श्वास सोडते, मशीन तो ओढतं, त्यातला दमा पिळून बाहेर टाकतं.

"हवेतलं पाणी आहे ते, आये," कमळा सांगायची.

"हवेतलं कसं गो? हवा कोन वढतंय? मीच ना?"

कमळानं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा हात टेकले. ठमाबाईच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "बरं बाई, तुझंच. तुझ्याच छातीतलं." मग काय, म्हातारी रोज सकाळी पडवीत जाऊन डब्यात डोकावायची. भरलेला दिसला तर खूश, "लय निघालं काल!" अर्धा दिसला तर दुप्पट खूश, "आत आता कमी उरलंय." सुंदरा दोन दिवसांआड यायची, तेव्हा डबा ओतायचं काम तिचं. "झाडाला घालू नको गो," म्हातारी आतून ओरडायची, "झाड धापा टाकंल!"

पोळ्याच्या सुमाराला एके दिवशी अचानक जीप म्हातारीला वाडीत सोडून गेली. कमळा सोबत होती. "आता बरी आहेस ना आये? तुलाही घराची ओढ लागली असेल," म्हणाली. निघताना तिनं ठमाबाईच्या गळ्याला मिठी मारली. "पुढच्या पावसाळ्याला वाट बघायला लावत नाही. मृग लागला की गाडी दारात. तुझ्या गळ्याची शपथ." सुंदरा बाजूलाच उभी होती. तिनं ऐकलं नि मनात बांधून ठेवलं.

मग म्हातारीनं कौतुकानं एक हकिकत सांगितली. त्या खोलीतल्या कपाटात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकात गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो होता. काचेच्या आत बुरशीचे ठिपके आलेले. म्हातारीनं तो काढला, पदरानं पुसला आणि मशीनच्या शेजारी टेबलावर उभा केला. "म्हटलं हितं हवा सुकी, बाबांना आता बुरशी लागायची नाय. तेवढ्यात कोन बाई आली, मॅनेजरची बायको. वाटी घेऊन आलेली. मला म्हनली, आजी, तुमी कुटल्या? म्हटलं, बौद्धवाडीतल्या. ही तुमची कमळी माझ्या अंगावर प्यालेली हाय!"

"मग?"

"मग काय, हो का, हो का, म्हनली नि गेली. च्या बी नाय घेतली."

सुंदराला कुठंतरी बारीकसं टोचलं. पण म्हटलं ना, कमळाला ती कधी मोडून बघत नसे. तिनं तो विचार चुलीत घातला.

पुढच्या वर्षी मृग लागला. गाडी आली नाही. आर्द्रा लागल्या. सुंदरानं आईचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं, त्याला खालून ओल धरली. वाडीतला रावजी त्याच कारखान्यात पाळीवर जायचा. त्याच्याकडं तिनं निरोप दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "मशीन बंद पडलंय. त्याचा पार्ट जपानवरून यायचाय."

वाडीतल्या बायका काय बोलायच्या राहतात होय? रंगूबाई विहिरीवर म्हणाली, "तुझी कमळी मोठी झाली गो. आता तिची मान खाली व्हायची नाय." सुंदरानं हंडा खाली आपटला. "जपानवरनं वस्तू यायची म्हंजे काय शेजारच्या कापडे गावावरनं यायची हाय? समुद्र हाय मधी, समुद्र! तुला जपान कुटं हाय ते तरी म्हाईत हाय का?" सुंदराला तरी कुठं माहीत होतं! पण भांडली मात्र अशी, की रंगूबाई पंधरवडाभर त्या विहिरीवर आली नाही.

त्या साली ठमाबाईनं बसूनच आषाढ काढला. रात्रंदिवस छातीत पावा वाजत असायचा. शेवटी सुंदरानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. चूल स्वयंपाकापुरतीच पेटवायची, धुमसत ठेवायची नाही. माळ्यावरचा माल आठवडाभरात मऊ पडला. बाजारात तिनं बोंबील कानाशी धरला तर आवाज नाही. जुनी गिऱ्हाइकं तिच्या तोंडाकडं बघायला लागली. तिनं टोपली झाकली आणि उठून घरी आली. मग बाजारात बसणंच सोडलं. पण नुसता धूर बंद करून काय होतं? ओल होतीच. भिंतीत, गोधडीत, श्वासात.

श्रावणात एका शुक्रवारी ती आईला घेऊन महाडला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरनं सुई दिली, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "कोरड्या जागेत ठेवा यांना." सुंदरा म्हणाली, "डाक्टर, श्रावणात कोरडी जागा दाखवा, मी पन तितंच राहते."

परतीच्या एसटीत बिरवाडी फाटा जवळ आला तशी ठमाबाई म्हणाली, "उतरू या गो. मशीन नसंल तर नसंल. पोरीचं तोंड तरी बघू." सुंदरालाही बरं वाटलं. कमळाशी बोलावं, मन मोकळं करावं, हे तिला कधीचं हवं होतं. फाट्यावरून एका टेम्पोवाल्यानं त्यांना वसाहतीपर्यंत सोडलं.

पाय चिखलानं भरले होते. साहेबाच्या घरात असे पाय घेऊन कसं शिरायचं? नळ मागं होता. म्हणून दोघी मागच्या अंगानं पडवीत गेल्या. आणि सुंदरानं नळाला हात घातला, तो तिथंच राहिला.

टप. टप. टप.

डबा काठोकाठ भरला होता आणि वरून वाहत होता. खाली ट्रान्सफॉर्मर घुमत होता. एखाद्या दिवसाचं ते पाणी नव्हतं. त्या पडवीत पावसाचा थेंब येत नसे, गेल्या वर्षी तिथली फरशी कोरडी ठणठणीत असायची, सुंदरानं स्वतःच्या हातानं पुसली होती. आता डब्याभोवती हिरवंगार शेवाळ धरलं होतं. पाण्यानं फरशीवर गटारापर्यंत वाट पाडली होती नि तीही हिरवी झाली होती. सगळा पावसाळा हे मशीन चालू होतं. मृगापासून. सगळा पावसाळा!

बंद काचेच्या आड बायकांचे आवाज होते. बांगड्या वाजत होत्या. श्रावणातल्या शुक्रवारचं हळदीकुंकू होतं. रेशमी साड्यांना घाम लागू नये म्हणून कमळानं साऱ्याजणींना त्या कोरड्या खोलीत बसवलं होतं.

मागचं दार उघडलं. कमळा भांडी घेऊन बाहेर येत होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, केसांत गजरा. तिनं दोघींना पाहिलं आणि हातातली भांडी एकमेकांवर वाजली.

"आये! तू... आत्ता?"

"कोण आलंय हो कमलताई?" आतून आवाज आला.

कमळानं ठमाबाईकडं पाहिलं. सुंदराकडं पाहिलं. मग मान वळवून, अगदी सहज आवाजात आत सांगितलं, "कुणी नाही हो. सुकटवाली आहे. नको म्हणून सांगते."

"श्रावणात सुकट!" आत हशा झाला. "कमाल आहे बाई या लोकांची!"

सुंदराच्या हातात टोपलीसुद्धा नव्हती. होती ती आई. जिचं दूध पिऊन ही बया एवढी झाली ती, धापा टाकत, पडवीच्या खांबाला धरून उभी. सुंदराच्या तोंडात शिव्या गोळा झाल्या. उभा बाजार जिच्या तोंडाला घाबरतो, तिनं नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता, हळदीकुंकवाच्या बायका बांगड्या सावरत बाहेर आल्या असत्या आणि सगळं वाकणकरपण शेवाळावरून घसरलं असतं.

पण त्याआधी ठमाबाई बोलली. ती आतलं काही ऐकत नव्हती. डब्याकडं बघत होती.

"अगो बये," ती म्हणाली, "कमळे, तुला बी लागला?"

"काय, आये?"

"दमा गो! ह्ये बघ, केवढं पानी निघतंय. माझं बी कधी एवढं निघालं नव्हतं." म्हातारी पुढं झाली, तिनं हात कमळाच्या छातीवर ठेवला, त्या रेशमी साडीवर. "म्हनून मशीन बंद हाय असं सांगितलंस व्हय! आमच्या जिवाला घोर नको म्हनून. अशीच गो तू, पयल्यापासनं अशीच. आपलं दुखनं कधी सांगायची नायस. माझ्या दुधातनंच आला हा. माझ्याच दुधातनं!"

कमळा घाईनं म्हणाली, "आये, तसं नाही... उद्या गाडी पाठवते मी. तू ये इथं."

"नको, नको! तुझ्या मशीनवर तूच नीज. मी काय, पिकलं पान. तू बरी हो."

एक वाक्य बोलायचं होतं कमळाला. मला दमा नाही, आये. एवढंच. ते बोलली असती तर म्हातारी त्या गादीवर पाठ टेकून झोपली असती. पण मग मशीन चालू कशाला, नि निरोप तसा का, हेही सांगावं लागलं असतं. कमळानं आत पाहिलं, बाहेर पाहिलं आणि गप्प राहिली.

आणि सुंदराही गप्प राहिली. सांगितलं तर आये जागीच मरंल, नाय सांगितलं तर सावकाश. तिनं आईच्या काखेत हात घातला. "चल आये. पोरीला आराम करू दे." जन्मात पहिल्यांदा तिनं एवढी मोठी गोष्ट गिळली. घशातून खाली उतरताना ती कशी उतरली असेल, ते तिचं तिला माहीत.

गाडी उद्याही आली नाही, परवाही नाही.

ठमाबाईला त्यानंतर स्वतःच्या दम्याचं काही वाटेनासं झालं. चिंता एकच, कमळी. परसात अडुळसा होता. ती सुंदराला पानं तोडायला लावायची. "कोवळी नको, जून तोड." पुडकं बांधून रावजीकडं द्यायचं, कमळीला काढा कर म्हणावं. सुंदरा तोडायची. दात-ओठ खात तोडायची, पण एकदाही तिनं ते पुडकं नदीत टाकलं नाही. मुद्दाम टाकलं नाही. पोचू दे. दर आठवड्याला पोचू दे. रावजी परत आला की म्हातारी विचारायची, "घेतलंन का? काय म्हनली?"

"घेतलंन," रावजी सांगायचा. "काय बोलली नाय."

"डबा भरतो का इचारलंस? का कमी झालाय?"

रावजी सुंदराकडं बघायचा. सुंदरा म्हणायची, "कमी झालाय, आये. लय कमी झालाय." म्हातारी डोळे मिटायची. "बरी होईल मग. माझी पोर बरी होईल."

गणपती उठले त्याच आठवड्यात ठमाबाई गेली. बसल्या बसल्या, भिंतीला टेकून. आडवी केली ती गेल्यावरच.

जलदानविधीला कमळा आली. जीपनं नाही, एसटीनं, एकटी, पांढरी साडी नेसून. बायकांत बसली, वंदना म्हटली, एक ओळ चुकली नाही. रडलीही. वाडीतल्या बायकांनीच तिची पाठ थोपटली. सुंदरानं तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं, सगळं केलं. एका शब्दानं बोलली नाही.

माणसं पांगली. घरात दोघीच उरल्या. कमळा बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघा ओढत होती. मग तिनं हळूच विचारलं, "सुंदरे, तू आयेला सांगितलंस?"

"काय?"

"मशीनचं. ते... खरं काय ते."

"नाय."

कमळाच्या छातीतून मोठा सुस्कारा बाहेर पडला. तो लपला नाही. "बरं केलंस," ती म्हणाली. "फार बरं केलंस गं."

सुंदरानं तिच्याकडं नीट पाहिलं. लहानपणापासून पहिल्यांदाच असं पाहिलं. मग उठली, फळीवरनं फडक्यात बांधलेलं एक पुडकं काढलं आणि कमळाच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये तुझं. मराच्या आदल्या दिशी तोडून घेतलंन माझ्याकडनं. तुझ्या दम्याची काळजी करत मेली ती, कमळे. स्वतःच्या नाय, तुझ्या. घे. खोकला नसंल तरी उकळून घे. तिचं दूध पचवलंस, ह्ये बी पचंल."

 सुंदरा कमळाच्या उत्तरासाठी थांबली नव्हती. ती चुलीपाशी जाऊन बसली होती. पावसाळाभर धुमसू न दिलेल्या चुलीत तिनं ओली लाकडं रचली, खाली काटक्या घातल्या आणि पेटवल्या. माळ्यावर जे काही उरलं होतं ते सुकवायला हवं होतं, आणि आता या घरात धुराचा कुणाला त्रास होणार नव्हता.

धूर घरभर झाला. कमळाला ठसका लागला, मग खोकला, मग उबळच आली. ती पुडकं मांडीवर धरून खोकत बसली, आणि सुंदरा तिच्याकडं पाठ करून चूल फुंकत राहिली.